एवढ्याशा भेगेने आख्खं विमान का पडतं? हे गणित मांडणारा इंजिनिअर : ॲलन ग्रिफिथ

कापडाच्या दुकानातलं हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिलं असेल. दुकानदार तागा उलगडतो, कापड मोजतो, कात्रीने काठाला बोटभर खाच पाडतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडून मोकळा होतो. खाच पाडायच्या आधी तेच कापड दोघांनी दोन बाजूंनी ओढलं असतं तरी फाटलं नसतं.

काच कापणारा कारागीरही तेच करतो. काचेवर एक बारीक रेघ मारतो, खालून हलकेच टिचकी देतो आणि काच रेघेवर सरळ दुभंगते. शाम्पूच्या पुडीची दातेरी कडही त्यासाठीच असते.

म्हणजे खाच असली की वस्तू सहज तुटते, हे शिंप्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण का तुटते? आणि केवढी खाच झाली म्हणजे धोका? या दोन प्रश्नांचं गणितात बसणारं उत्तर १९२१ पर्यंत कुणाकडेच नव्हतं. ते उत्तर शोधलं इंग्लंडमधल्या एका अबोल इंजिनिअरने. त्याचं नाव ॲलन आर्नोल्ड ग्रिफिथ.

आज विमानाच्या इंजिनातलं एखादं पातं किती तास वापरायचं, त्यात किती मोठी भेग चालवून घ्यायची आणि ते कधी फेकून द्यायचं, हे ठरवताना जे शास्त्र वापरलं जातं त्याची सुरुवात ग्रिफिथ यांच्यापासून होते. गंमत म्हणजे इंजिनाच्या त्या पात्यांचा आकार कसा असावा, याचं मूलभूत गणितही त्यांनीच मांडलं. आणि याच माणसाने जेट इंजिनाच्या जनकाला जवळपास रिकाम्या हाती परत पाठवलं होतं.

विमानांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बापाचा मुलगा

ॲलनचा जन्म १३ जून १८९३ चा, लंडनचा. वडील जॉर्ज ग्रिफिथ हे त्या काळातले गाजलेले लेखक आणि पत्रकार. राइट बंधूंचं विमान उडायला अजून दहा वर्षं होती, पण १८९३ सालीच आलेल्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या कादंबरीत आकाशातून लढणारी उडती यंत्रं होती. हा गडी नुसता कागदावर उडणारा नव्हता. १८९४ मध्ये त्याने साधारण ६५ दिवसांत जगप्रदक्षिणा करून दाखवली होती.

पण हे वलय फार टिकलं नाही. १९०६ मध्ये वडील गेले तेव्हा ॲलन अवघा १२ वर्षांचा होता. त्याचं शालेय शिक्षण आयल ऑफ मॅन या बेटावर झालं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि १९१४ मध्ये पहिल्या वर्गात पदवीधर झाला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

१९१५ मध्ये ग्रिफिथ फार्नबरो इथल्या सरकारी विमान कारखान्यात रुजू झाले. हाच कारखाना पुढे रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट म्हणून प्रसिद्ध झाला. वडिलांनी कल्पनेत उडवलेली यंत्रं आता मुलाला प्रत्यक्ष उडवायची होती आणि मुख्य म्हणजे ती हवेत मोडू द्यायची नव्हती.

साबणाचे फुगे आणि सुवर्णपदक

विमानाचा पंखा किंवा इंजिनाचा दांडा पिळवटला जातो तेव्हा आत नेमका कुठे किती ताण येतो? दांडा गोल असेल तर हिशोब सोपा. पण आकार वेडावाकडा असला, त्यात खाचा असल्या, तर समीकरण हाताने सुटत नाही. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते.

ग्रिफिथ आणि पुढे फार मोठे शास्त्रज्ञ ठरलेले जी. आय. टेलर यांनी यावर भन्नाट मार्ग काढला. पत्र्याला दांड्याच्या छेदाच्या आकाराचं भोक पाडायचं, त्यावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरायचा आणि खालून हलकी हवा देऊन तो फुगवायचा. त्या पडद्याचं समीकरण आणि पिळवटलेल्या दांड्याचं समीकरण सारखंच असतं. त्यामुळे पडद्याचा चढ जिथे जास्त, तिथे दांड्यातला ताण जास्त. मूळ कल्पना जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांची होती. या दोघांनी तिला मोजमापाचं रोजचं साधन बनवलं.

१९१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, इंग्लंडच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिलं आणि ग्रिफिथ यांना सहकाऱ्यांमध्ये फुगेवाला ग्रिफिथ असं टोपणनावही पडलं.

याच साबणाच्या पडद्याने त्यांना एक न सुटणारं कोडं दाखवलं.

ओरखडा लहान की मोठा?

इंजिनातले भाग एका झटक्यात क्वचितच मोडतात. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिलं की कट्कन तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एका वेळी सहज पेलवणारा भार लाखो वेळा उलटसुलट आला तर पोलादही मोडतं. विमानाच्या इंजिनात तर दांडा मिनिटाला हजारभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो.

ग्रिफिथ यांच्यासमोरचा प्रश्न अगदी कारखान्यातला होता. इंजिनाचा भाग कानस मारून, घासून की पॉलिश करून तयार केला, यावर त्याचं आयुष्य किती अवलंबून असतं? कारण कानशीचे ओरखडे पृष्ठभागावर राहतातच.

१९१३ मध्ये केंब्रिजच्या इंग्लिस यांनी गणिताने दाखवलं होतं, की भोकाच्या किंवा खाचेच्या टोकाशी ताण गोळा होतो. टोक जेवढं तीक्ष्ण, तेवढा ताण जास्त. ग्रिफिथ यांनी हिशोब केला तेव्हा दिसलं, की साध्या ओरखड्यापाशीही ताण कित्येक पट वाढतो.

पण घोळ असा होता की, या गणितात ओरखड्याच्या आकारमानाला किंमतच नव्हती. आकार सारखा असेल तर केसाएवढा ओरखडा आणि बोटाएवढी खाच सारखाच ताण वाढवतात, असं ते सांगत होतं. प्रत्यक्षात मात्र मोठी खाच पडलेला भाग लवकर मोडायचा आणि बारीक ओरखड्यांचा भाग बऱ्याच वेळा तगून जायचा. दुकानदाराची कात्रीही तेच सांगते, खाच पुरेशी मोठी पाडावीच लागते.

एकतर प्रयोग चुकीचे होते, नाहीतर ताकद म्हणजे काय याबद्दलची सगळ्यांची समजूत चुकीची होती.

भेगेचा जमाखर्च

ग्रिफिथ यांनी प्रश्नच बदलला. टोकाशी ताण किती आहे हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, भेग पुढे सरकण्यात फायदा कुणाचा?

बेचकीचं रबर ताणलं की त्यात ऊर्जा साठते. ताणलेल्या प्रत्येक वस्तूत ती साठते, मग ती काच असो वा पोलाद. वस्तूत भेग पडली की भेगेच्या आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि तिथली ऊर्जा मोकळी होते. ही झाली जमेची बाजू. पण भेग पुढे सरकायची तर अणूंचे बंध तोडून दोन नवे पृष्ठभाग तयार करावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. ही झाली खर्चाची बाजू.

आता खरी गंमत. भेग दुप्पट लांब झाली तर खर्च दुप्पट होतो. पण सैल पडणारा भाग लांबीतही वाढतो आणि रुंदीतही, म्हणून जमा चौपट होते. भेग लहान असते तोवर खर्च जमेपेक्षा जास्त असतो, म्हणून ती जागच्या जागी थांबते. एका ठरावीक लांबीपलीकडे गेली की पुढच्या प्रत्येक पावलाला जमा खर्चापेक्षा जास्त होते. मग तिला बाहेरून आणखी जोर लावावा लागत नाही. वस्तू स्वतःच्याच साठवलेल्या ऊर्जेने स्वतःला फाडून घेते. कापड टर्रकन फाटतं ते यामुळेच.

या हिशोबातून निघालेला नियम साधा आहे. भेग चौपट लांब झाली की वस्तू निम्म्याच ताणाला तुटते.

नियम पडताळायला त्यांनी काच निवडली. काच धातूसारखी आधी वाकत नाही, सरळ तुटते, त्यामुळे हिशोब स्वच्छ राहतो. काचेच्या नळ्या आणि गोल फुगे घेऊन त्यांनी त्यांत मापलेल्या लांबीच्या भेगा पाडल्या, काच तापवून आधीचे ताण काढून टाकले आणि आतून दाब वाढवत ते फोडले. भेगा वेगवेगळ्या लांबीच्या होत्या, पण फुटण्याचा ताण आणि भेगेच्या लांबीचं वर्गमूळ यांचा गुणाकार दरवेळी जवळपास सारखाच आला.

केसापेक्षा बारीक, पोलादापेक्षा दणकट

आता आणखी एक प्रश्न उरला. अणूंमधल्या बंधांवरून हिशोब केला तर काच कितीतरी पट मजबूत असायला हवी. मग भेग न पाडलेली साधी काच एवढी कच्ची का?

ग्रिफिथ यांचं म्हणणं असं, की भेग नसलेली काच आपण पाहिलेलीच नसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा तिच्यात आधीपासूनच असतात. मग त्यांनी काच वितळवून तिचे अधिकाधिक बारीक धागे ओढले. बारीक धाग्यात मोठी भेग मावणारच कशी?

निकाल थक्क करणारा होता. सुमारे एक मिलिमीटर जाडीची काचेची कांडी दर चौरस इंचाला साधारण २५ हजार पौंड ताणाला तुटत होती. मिलिमीटरच्या तीन हजारांश भागाएवढा बारीक धागा जवळपास ४ लाख ९१ हजार पौंडांपर्यंत टिकला. काच तीच, ताकद मात्र जवळजवळ वीस पट!

१९२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा निबंध छापला. त्यातला गाभा एका वाक्यात सांगता येतो. वस्तूची ताकद ती कशापासून बनली आहे यावर जेवढी ठरते, तेवढीच तिच्यातली सगळ्यात मोठी भेग केवढी आहे यावरही ठरते. निबंधातल्या गणितात एक चूक राहिली होती. ती ग्रिफिथ यांनी स्वतःच शोधली आणि १९२४ मध्ये डेल्फ्टच्या परिषदेत दुरुस्त केली.

एक विसरलेला बर्नर

एवढा मोठा शोध लागल्यावर माणूस आयुष्यभर त्याच विषयात राहिला असता असं वाटेल. तसं झालं नाही.

फार्नबरोमध्येच काम केलेले शास्त्रज्ञ जे. ई. गॉर्डन यांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. ग्रिफिथ यांच्याबरोबर बेन लॉकस्पायझर हे सहकारी होते. एका संध्याकाळी काच वितळवायचा गॅसचा बर्नर बंद करायचा राहून गेला आणि आग लागली. चौकशी झाली. विमानाच्या कारखान्यात काचेशी कसले खेळ चालले आहेत, असा वरिष्ठांचा सूर होता. ते काम थांबलं आणि ग्रिफिथ यांना इंजिनांकडे पाठवण्यात आलं. लॉकस्पायझर पुढे युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

भेगेचं शास्त्र त्यानंतर जवळपास वीस वर्षं धूळ खात पडलं. काचेबद्दलचा निबंध म्हणून धातूवाल्यांनी त्याकडे फारसं पाहिलं नाही.

पात्यांचं गणित आणि एक नकार

इंजिनांकडे आल्यावरही ग्रिफिथ यांनी पुन्हा मुळालाच हात घातला. त्या काळात टर्बाइनवर चालणारं विमानाचं इंजिन अशक्य समजलं जायचं, कारण हवा दाबणारा कॉम्प्रेसरच फार ऊर्जा खायचा. १९२६ मध्ये ग्रिफिथ यांनी दाखवलं, की दोष कल्पनेत नसून पात्यांच्या आकारात आहे. पाती सपाट पट्ट्यांसारखी बनवली जात होती आणि त्यांच्यावरून हवा सुटून भोवरे होत होते. प्रत्येक पात्याला विमानाच्या पंखासारखा आकार दिला तर हेच यंत्र उत्तम चालेल. आजच्या मोठ्या जेट इंजिनात रांगेने बसवलेली पाती दिसतात, त्यांचा विचार इथून सुरू झाला.

पण ग्रिफिथ यांच्या डोळ्यासमोर होता टर्बाइनने फिरणारा पंखा. मागून गरम वाऱ्याचा झोत सोडून विमान पुढे ढकलायचं, ही कल्पना त्यांना पटत नव्हती.

१९२९ च्या अखेरीस लंडनमध्ये हवाई मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना भेटायला २२ वर्षांचा एक वैमानिक आला. नाव फ्रँक व्हिटल. त्याने नेमकी हीच झोताची कल्पना आणली होती. ग्रिफिथ यांनी त्याच्या आकडेमोडीत चूक काढली आणि ही योजना व्यवहारात जमणारी नाही असं मत दिलं. मंत्रालयाने हात वर केले.

व्हिटल यांनी जानेवारी १९३० मध्ये स्वतःच पेटंटचा अर्ज केला. मंत्रालयाला रस नसल्याने तो गुप्तही ठेवला गेला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायला पैसे नव्हते, सरकारनेही भरले नाहीत आणि पेटंट संपलं. अखेर मित्रांच्या मदतीने व्हिटल यांचं इंजिन एप्रिल १९३७ मध्ये सुरू झालं. पण जगातलं पहिलं जेट विमान उडवलं जर्मनीने, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. ब्रिटनचं जेट विमान उडायला मे १९४१ उजाडलं.

ग्रिफिथ यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तेव्हाचे धातू टर्बाइनमधली उष्णता सोसणारे नव्हते, कॉम्प्रेसरही कच्चे होते आणि व्हिटल यांच्या आकड्यात चूक खरंच होती. पण स्वतःच्या निबंधातली चूक दुरुस्त करून नियम शाबूत ठेवता येतो, हा अनुभव ग्रिफिथ यांना होता. तीच सवलत समोरच्या तरुणाला मिळाली नाही आणि त्याची सात वर्षं गेली.

रोल्स-रॉईसमधला विचार करणारा माणूस

१९३९ मध्ये रोल्स-रॉईसचे अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी ग्रिफिथ यांना डर्बीला बोलावून घेतलं. काम काय, तर विचार करायचा. गावाबाहेरच्या एका घरात त्यांना बसवलं गेलं.

तिथे त्यांनी आखलेलं पहिलं इंजिन कागदावर विलक्षण होतं. त्यात एकाच चाकाच्या पात्यांच्या आतल्या भागातून थंड हवा एका दिशेने आणि बाहेरच्या भागातून तापलेला वायू उलट दिशेने जायचा. प्रत्यक्षात हवा गळत राहिली, गुंतागुंत आवरली नाही आणि ते सोडून द्यावं लागलं.

मग सरळ मार्गाचं, एकामागे एक पात्यांच्या रांगा असलेलं इंजिन आलं. तेच पुढे एव्हॉन म्हणून गाजलं. १९४७ मध्ये ते पहिल्यांदा चाललं तेव्हा नीट सुरू होईना, वेग घेईना. ते मार्गावर आणायला सिरिल लव्हसी आणि इतर इंजिनिअरांना बरीच वर्षं खपावं लागलं. पुढे मात्र अकरा हजारांहून जास्त एव्हॉन इंजिनं बनली. भारतीय हवाई दलाची हंटर आणि कॅनबेरा ही विमानं याच इंजिनावर उडत.

सगळी हवा आगीतून न नेता काही बाजूने वळवायची, ही बायपासची कल्पनाही ग्रिफिथ यांनी लावून धरली होती. त्यातून कॉन्वे इंजिन आलं. १९६० मध्ये एअर इंडियाने मुंबईत आणलेल्या पहिल्या बोइंग ७०७ विमानांना तीच इंजिनं होती. शिवाय धावपट्टीशिवाय सरळ वर उठणाऱ्या यंत्राचा ध्यासही त्यांनी घेतला. ऑगस्ट १९५४ मध्ये दोन जेट इंजिनं बसवलेला, लोखंडी खाटेसारखा दिसणारा सांगाडा मोकळ्या हवेत उचलला गेला. लोकांनी त्याला उडती खाट असंच नाव दिलं.

कॉमेट आणि फार्नबरोचा हौद

त्याच १९५४ साली ग्रिफिथ यांचा जुना विषय जगासमोर भीषण रूपात उभा राहिला.

कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. १० जानेवारीला रोमहून निघालेलं एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटून समुद्रात पडलं. ८ एप्रिलला रोमहूनच निघालेलं दुसरं नेपल्सच्या दक्षिणेला तसंच गेलं. दोन्हींतलं कुणीही वाचलं नाही.

तपास फार्नबरोला झाला, जिथे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी काचेचे फुगे फुटत होते तिथेच. आख्खं कॉमेट एका मोठ्या हौदात ठेवून त्यात पाणी भरलं, पुन्हा पुन्हा दाब दिला आणि काढला. प्रत्येक उड्डाणात विमानाचं शरीर फुगतं आणि बसतं, त्याची ही नक्कल. आधीची १,२२१ खरी उड्डाणं आणि हौदातली १,८३६ नकली, अशा एकूण ३,०५७ फेऱ्यांनंतर पत्रा चौकटीच्या कोपऱ्याजवळून फाटला. धातूच्या थकव्याने वाढलेली भेग मर्यादेपलीकडे गेली होती. फुगवलेला काचेचा फुगा आणि फुगलेलं विमान, हिशोब एकाच जातीचा होता.

तोवर अमेरिकेत जॉर्ज अर्विन यांनी ग्रिफिथ यांचा निबंध पुन्हा उघडला होता. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने जोडलेली जहाजं थंड पाण्यात कडाड् करून दुभंगली होती आणि उत्तर सापडत नव्हतं. अर्विन आणि ओरोवान यांनी दाखवलं, की धातूत भेगेच्या टोकाशी धातू आधी ओघळतो आणि त्यात काचेच्या तुलनेत प्रचंड ऊर्जा खर्च होते. हा खर्च मांडला की ग्रिफिथ यांचा जमाखर्च धातूलाही लागू पडतो. १९६० च्या दशकात पॉल पॅरिस यांनी प्रत्येक फेरीला भेग किती पुढे सरकते याचा नियम दिला आणि साखळी पूर्ण झाली.

यातून इंजिनिअरांचा प्रश्नच बदलला. भाग किती मजबूत आहे, एवढं विचारून भागेना. त्यात भेग आहे असं धरूनच चला आणि ती धोक्याच्या लांबीला पोचायच्या आत ती शोधायला किती वेळा तपासणी हवी ते सांगा, असा तो प्रश्न झाला. आज तुमचं विमान तपासणीसाठी ठरावीक उड्डाणांनंतर थांबवतात ते यामुळे.

धागा पुढे जातो

ग्रिफिथ यांना १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १९६० मध्ये ते निवृत्त झाले आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षी गेले. याच सुमारास फार्नबरोच्याच प्रयोगशाळेत विल्यम वॉट आणि सहकारी मजबूत कार्बनचे धागे तयार करत होते. बारीक धाग्यात मोठी भेग मावत नाही, हा ग्रिफिथ यांचाच धडा. असे लाखो धागे एकत्र बांधले तर एक तुटला तरी भेग शेजारच्याकडे सहज जात नाही. यालाच कंपोझिट म्हणतात.

रोल्स-रॉईसने नव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बन धाग्यांची करायची असं ठरवलं. १९७० मध्ये पक्षी आदळल्यावर काय होईल याची चाचणी झाली आणि त्यात पाती टिकली नाहीत. पुन्हा टायटॅनियमकडे वळावं लागलं. इंजिनाचा एकूण खर्च आधीच हाताबाहेर गेला होता आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. अखेर १९९५ मध्ये अमेरिकेच्या जीई ९० इंजिनाने कार्बन धाग्यांची पाती प्रवासी सेवेत आणली, पण त्यांच्या पुढच्या धारेवर टायटॅनियमची पट्टी बसवून. एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानांना याच घराण्यातलं इंजिन आहे.

धातूतच धागे घालायचे प्रयोगही झाले. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल इंजिनाच्या ॲल्युमिनियम पिस्टनमध्ये, जिथे रिंग बसते त्या खोबणीला सिरॅमिकचे धागे घातले. पुढे होंडाने प्रिल्यूड गाडीच्या सिलिंडरच्या आतल्या भिंती अशाच धाग्यांनी बळकट केल्या. जेट इंजिनासाठी टायटॅनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे धागे घालून पाहिले गेले. अशा भागात थकव्याने भेग पडली तरी ती धाग्यांना वळसा घालून पुढे जाते आणि मागे राहिलेले धागे टाके घातल्यासारखे तिची दोन तोंडं धरून ठेवतात. भेग मंदावते. पण उलटसुलट ताणाखाली धागे एकेक करून तुटू लागले की तीच भेग वेगाने धावते. शिवाय धागा आणि धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे दोघांच्या सांध्यावरच नवे ताण येतात. म्हणून हे महागडे भाग इंजिनात मोजक्याच जागी दिसतात.

कोणत्या टाक्याने किती भेग धरायची, याचा हिशोब आजही ग्रिफिथ यांच्याच जमाखर्चाने सुरू होतो. बिनभेगेची वस्तू बनवता येत नाही, हे त्यांनी काचेवर दाखवलं. पुढच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला, की भेग लपवायची नाही, तिच्यावर नजर ठेवायची. पुढच्या वेळी विमानतळावर कुणी मेकॅनिक टॉर्च घेऊन इंजिनाच्या पात्यांकडे निरखून पाहताना दिसला आणि उड्डाणाला उशीर झाला, तर चिडू नका. तो भेगेची लांबी पाहतो आहे.